विश्लेषण : ताटातूट, अबोला आणि दोन मुलांचे प्रेम... कोरियन मालिकेचा सूरजागडशी संबंध काय?

दोन तरुणांच्या प्रेमाची गोष्ट सांगणारी कोरियन मालिका आता एटापल्लीतल्या मोबाइलवरही दिसते. पण ती पाहून ज्याच्या पोटात गलबलते, त्याने बोलायचे कोणाशी? मनोरंजनापुरता वाटणारा हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा का आहे, याचा आढावा...

दक्षिण कोरियाची ‘द एट्थ सेन्स’ ही दहा भागांची मालिका मार्च-एप्रिल २०२३ मध्ये प्रसारित झाली. कोरियात दोन मुलांच्या प्रेमकथांचा ‘बीएल’ म्हणजे ‘बॉइज लव्ह’ हा प्रकार गेल्या काही वर्षांत रुजला आहे. ‘व्हेअर युअर आइज लिंगर’ २०२० मध्ये आली आणि ‘सिमँटिक एरर’ २०२२ मध्ये. त्यातल्या बहुतेक मालिका गोड, गुळगुळीत आणि छोट्या भागांच्या असतात. ‘द एट्थ सेन्स’ मात्र थेट मानसिक आघाताला हात घालते, म्हणून ती वेगळी ठरली.

मालिकेची गोष्ट काय?

जे-वॉन हा सक्तीची लष्करी सेवा संपवून महाविद्यालयात परतलेला तरुण. दिसायला रुबाबदार, मित्रांत लोकप्रिय. आतून पार खचलेला. भावाच्या मृत्यूचे ओझे तो मनावर वागवतो आहे आणि घरात त्याविषयी मोकळेपणाने बोलायची सोय नाही. जी-ह्यून हा छोट्या गावातून सोलला शिकायला आलेला मुलगा. तो एका खाणावळीत काम करतो, शहराला बुजतो. दोघांची ओळख होते, सर्फिंगच्या क्लबमुळे ती वाढते आणि समुद्रकिनारी प्रेमापर्यंत पोहोचते.

मग समुद्रात अपघात होतो. जी-ह्यूनच्या जिवावर बेतते आणि जे-वॉनच्या मनातली जुनी भीती पुन्हा उसळते : माझ्याजवळ जो येतो, त्याचे वाईट होते. तो संपर्क तोडतो. कथेत मुलांना बंदुकीच्या धाकाने वेगळे करणारा खलनायक नाही. ताटातूट होते ती अपराधी भावनेमुळे आणि ती बोलून न दाखवल्यामुळे. समुपदेशक बाईंसमोर बसून जे-वॉन जे तुकड्यातुकड्यांनी बोलतो, ते या मालिकेतले सर्वांत मोलाचे प्रसंग आहेत. प्रेमाने जखम आपोआप बरी होते, असा खोटा दिलासा ती देत नाही. प्रेमामुळे बरे व्हावेसे वाटते. बरे होण्यासाठी मदत मात्र वेगळी मागावी लागते.

कोरियात असे प्रेम सहज स्वीकारले जाते का?

नाही. तिथे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. पण लष्कराच्या दंडविधानातील ९२-६ या कलमाखाली सैनिकांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, कामाच्या वेळेबाहेर, खासगी जागेत, संमतीने झालेल्या संबंधांना हे कलम लागू होत नाही, असे म्हटले. घटनात्मक न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कलम मात्र कायम ठेवले. समलिंगी विवाहाला मान्यता नाही. जुलै २०२४ मध्ये आरोग्यविम्यात समलिंगी जोडीदाराला अवलंबित मानावे, असा निकाल आला. त्याच वर्षी ‘लव्ह इन द बिग सिटी’ या मालिकेविरुद्ध काही संघटना रस्त्यावर उतरल्या. मालिकेतले मोकळे आकाश तिथल्या मुलांनाही रोज मिळत नाही. विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ गटात आत्महत्यांचे सर्वाधिक प्रमाण याच देशात आहे, हेही लक्षात ठेवावे.

मराठीत अशी गोष्ट कोणी सांगितली आहे?

सांगितली आहे, आणि जगाने तिची दखलही घेतली. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नासाठी मागे लागतात. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी या भूमिका केल्या आहेत.

कोरियन मालिकेत समुद्र, गिटार, कॉफी असते. इथे सुतकाचे नियम आहेत, शेळ्या आहेत, निवडुंगाची लाल फळे आहेत. म्हणजे ‘हे शहरी फॅड आहे, परदेशी वारे आहे’ हा युक्तिवाद गावच्या मातीतल्या एका मराठी गोष्टीनेच खोडून काढला आहे. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. एक माणूस जाणतो आणि सोडून जात नाही, एवढ्याने माणूस तगतो.

मग सूरजागडचा संबंध काय?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : ठाकूरदेवाचे ठाणे आणि लोहखनिज. खाणीचा पट्टा २००७ चा. प्रत्यक्ष उत्खनन जोमाने सुरू झाले ते २०२१ पासून. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, माओवाद्यांनी इथे खनिज वाहतुकीची अनेक वाहने एकाच दिवशी जाळली होती. विरोध, आंदोलने, चकमकी, पोलीस ठाणी, ट्रकांची रांग आणि लाल धूळ या सगळ्यात इथली एक पिढी मोठी झाली. आघात हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

ताटातूटही नवी नाही. मूल सहा वर्षांचे झाले की अनेकदा आश्रमशाळेच्या वसतिगृहात जाते. पुढे शिकायला आलापल्ली, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर. घरच्यांशी बोलणे सणासुदीला. वयात येतानाच्या सगळ्या शंका आई-बापापासून दूर, पंधरा-वीस मुलांच्या खोलीत, थट्टेच्या भीतीने गिळल्या जातात. त्यातल्या एखाद्या मुलाला मुलगाच आवडत असेल, तर त्याच्याजवळ त्यासाठी शब्दही नसतो. असलाच तर तो शिवी म्हणून ऐकलेला असतो.

आता टॉवर आले, मोबाइल आला. या मुलाला सोलमधली गोष्ट दिसते, पण शेजारच्या गावात आपल्यासारखा कोणी आहे का, ते कळत नाही. डेटा पोहोचला, ऐकणारा माणूस पोहोचला नाही. जे-वॉनला समुपदेशक मिळाली, जी-ह्यूनला खाणावळीच्या मालकिणीचा आधार होता. सूरजागडच्या पायथ्याच्या मुलाकडे यातले काय आहे, हा खरा प्रश्न आहे.

आदिवासी समाज याकडे कसे पाहतो?

याचे एका वाक्यात उत्तर देणारा फसवतो आहे असे समजावे. माडिया समाजात गोटुल ही तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याची, नाचगाण्याची जागा राहिली आहे. आज अनेक गावांत तिथे ग्रामसभाही बसते. जोडीदार निवडताना मुलामुलींच्या पसंतीला इथे बाहेरच्या कित्येक समाजांपेक्षा अधिक वाव मिळत आला आहे. तरुण प्रेमाकडे पाप म्हणून न पाहण्याची ही रीत मोलाची आहे. पण म्हणून इथे समलिंगी प्रेमही सहज मान्य आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लग्न, मूल, कूळ यांची अपेक्षा इथेही आहेच. इतकेच म्हणता येईल की, प्रेमावर बोलायची परंपरा जिथे आहे, तिथे हा विषय काढणे सोपे असायला हवे.

याच भूमीने प्रेमाची दुसरी गोष्टही पाहिली आहे. माओवादी चळवळीत लग्नाला संघटनेची परवानगी लागे, पुरुषांना नसबंदी करावी लागे. तारक्का १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत शरण आली. तिचा पती भूपती १५ ऑक्टोबर २०२५ रोजी साठ सहकाऱ्यांसह. त्याच वर्षी जूनमध्ये शरण आलेल्या जोडप्यांचा सामूहिक विवाह मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत झाला. ज्यांच्या हाती बंदूक होती, त्यांच्या संसारावर अक्षता टाकण्याइतके मन सरकारने आणि समाजाने मोठे केले. ते योग्यच झाले. मग ज्याने कोणाचे काही बिघडवले नाही, त्या मुलाला निदान घरात ताट वाढण्याइतके मन मोठे करायला काय हरकत आहे?

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३७७ कलमच नाही. विवाहाला मात्र मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात घटनापीठाने तो निर्णय संसदेवर सोडला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्राने दोन छोट्या पण उपयोगी गोष्टी स्पष्ट केल्या : समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडता येते आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावे. दोघांपैकी एक जरी १८ वर्षांखालील असेल तर ‘पॉक्सो’ कायदा लागू होतो, हे तरुणांनी विसरू नये.

विदर्भात उदाहरणे नाहीत असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळात अमेरिकास्थित एका अभियंत्याने आपल्या जोडीदारासोबत विवाहसोहळा केला. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन तरुणींनी नातलगांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. पण हे शिकलेल्या, कमावत्या लोकांचे धाडस आहे. वसतिगृहातल्या मुलासमोर हा आदर्श ठेवून ‘तूही सांगून टाक’ म्हणणे धोक्याचे. कधी, कोणाला सांगायचे आणि सांगायचे की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवायचे.

हा आजार आहे का? उपचार होतो का?

आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तीच भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ‘मूल सरळ करून देतो’ छापाचे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून रुग्णाशी भेदभाव करता येत नाही. तेव्हा कोणी डॉक्टर, मांत्रिक किंवा पुजारी ‘बरे करतो’ म्हणून पैसे मागत असेल तर वेळीच सावध व्हावे. उपचार लागतो तो भीती, नैराश्य, झोप उडणे, जीव द्यावासा वाटणे यांवर; प्रेमावर नाही.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप : भूक, रस्ते, मलेरिया, खाण हे प्रश्न असताना ही चैन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ज्या मुलाला जगावेसे वाटत नाही, त्याच्यासाठी रस्ता कितीही चांगला झाला तरी उपयोग शून्य. दुसरा आक्षेप : अशा मालिका मुलांना बिघडवतात. मालिका पाहून कोणाची ओढ बदलत नाही. बदलत असती, तर आयुष्यभर नायक-नायिकेचे चित्रपट पाहिलेली ही मुले वेगळी झालीच नसती. तिसरा आक्षेप अधिक वजनाचा : या मालिका सुंदर चेहऱ्यांच्या, खिशात पैसा असलेल्या जगाच्या असतात. हे खरे आहे. म्हणूनच ‘साबर बोंडं’सारख्या गोष्टी माडिया, गोंडी, झाडीबोलीतही यायला हव्यात. झाडीपट्टीच्या नाटकांना रात्रभर गर्दी करणाऱ्या प्रदेशाला गोष्टीची ताकद सांगायला नको.

करता येण्याजोगे काय?

पाया इथेच घातलेला आहे. डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांतून गडचिरोलीत लैंगिकतेवर मुलामुलींशी मोकळे बोलता येते, हे कधीच दाखवून दिले. तो मोकळेपणा प्रत्येक आश्रमशाळेत पोहोचवायचा आहे. अधीक्षक, अधीक्षिका आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात एक दिवस या विषयाला द्यावा. वसतिगृहाच्या भिंतीवर मदतीचा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा भाषेत लिहावा. खाणीतून जिल्ह्याकडे येणाऱ्या निधीतला काही वाटा तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक नेमण्यावर खर्च व्हावा. नेमलेला माणूस माडिया बोलणारा असेल, तर निम्मे काम तिथेच झाले.

तोवर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीत बोलता येते, नाव सांगायची सक्ती नाही. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ ही संस्था या समुदायासाठी काम करते.

आणि घरच्यांसाठी एवढेच : मुलगा एखाद्या संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून ‘एक सांगायचं होतं’ म्हणाला, तर हातातले काम थांबवा. पटले नाही तरी आधी पूर्ण ऐका आणि जेवायला बसवा. बाकीचे दुसऱ्या दिवशीही बोलता येते.