बिऱ्हाड कुठे करावे?

मुलुंड-घाटकोपरला जागा पाहणाऱ्या गृहस्थाला आपण काय सांगतो? पाणी किती वाजता येते ते विचारा, सोसायटीचा चिटणीस कसा आहे ते पाहा, भिंतींचा रंग मागाहून. एवढे शहाणपण अंगी मुरलेली आपली मंडळी संगणकावर बिऱ्हाड करताना मात्र दिसेल त्या पहिल्या दारात ट्रंक टेकतात, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडे हा विषय २०१९ च्या नोव्हेंबरात निघाला. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, आणि रुसलेली पुष्कळ मंडळी ‘मॅस्टोडॉन’कडे निघाली. २०२२ साली ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा जगभरातून तशीच रीघ लागली.

आता मॅस्टोडॉन ही काही एक इमारत नव्हे. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ साली प्रसिद्ध केलेला तो जणू इमारतीचा नकाशा. तो फुकट मिळतो, आणि त्यावरून कोणीही आपले घर उठवतो. अशा घराला सर्व्हर म्हणतात. नाव एका घरी घालायचे, पण बोलणे सर्व घरांशी. जसे अंधेरीचे पत्र बोरिवलीला पोचते.

मग कुठेही राहिले म्हणून काय बिघडले? बिघडते, वाचकहो! घराचे नियम चालकाचे. तुमची खाजगी पत्रेसुद्धा त्याने मनात आणले तर त्याला वाचता येतात. शेजारघराशी त्याने संबंध तोडले, की तुमचाही तिकडचा राबता संपला. २०१९ मध्येच द्वेषाच्या भाषेने बदनाम झालेल्या ‘गॅब’ने हा नकाशा उचलला, तेव्हा अनेक घरांनी त्याला दार लावून घेतले. ठीकच झाले; पण दार कोणाला लावायचे हे भाडेकरू ठरवीत नाही.

आणि चालक थकला तर? ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हे घर २०२२ च्या अखेरीस बंद झाले. घर बदलता येते, तुमचे लिखाण वाचणारी मंडळीही मागोमाग नव्या पत्त्यावर येतात. पण जुने लिखाण जुन्या घरीच राहते. वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याला हा घाव लहान नाही.

म्हणून सर्वांत मोठे घर कोणते हे विचारू नका. चालक कोण, त्याच्या पाठीशी दुसरे कोणी आहे काय, नियम स्पष्ट लिहिले आहेत काय, आणि विजेचे बिल कोणाच्या वर्गणीतून भरते, हे विचारा. बंद करण्यापूर्वी तीन महिने आधी कळवू, असे वचन काही घरे देतात, ती बरी. मराठी बोलणारे शेजारी मिळाले तर सोन्याहून पिवळे.

पुष्कळ घरांच्या ओसरीवरच्या गप्पा नाव न घालताही वाचता येतात. दिवाळीच्या सुटीत चार दिवस त्या ऐका. शेजार पटला, तर खुशाल ट्रंक उघडा.