विटेचे वकीलपत्र

विटेची बाजू घेऊन भांडणारा माणूस विरळाच. पण आज मी तिचे वकीलपत्र घेतले आहे. वीट घराची नव्हे, व्हिडिओ गेममधली. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ काढला. त्यातला मिशाळ मारिओ धावता धावता उडी मारतो आणि वर अधांतरी असलेल्या विटेला खालून ठोसा देतो. तो लहान असला तर वीट नुसती हलते. अळंबी खाऊन मोठा झाला असला तर तिचे तुकडे उडतात. पण एखाद्या विटेच्या पोटातून नाणे निघते, एखादीतून आणखी काही. शंभर नाणी जमली की एक जीव वाढतो.

'पोरखेळ!' म्हणून नाक मुरडू नका. या विटेइतका चोख व्यवहार बाजारात शोधून सापडायचा नाही. ज्या विटेत नाणी आहेत तीत ती आज आहेत, उद्याही आहेत. श्रीमंताच्या पोराला आहेत, गरिबाच्याही. चुकलात तर एक उडी फुकट गेली, एवढाच तोटा. आणि एकदा ठिकाण कळले की ते ज्ञान तुमचे झाले. शेजारच्या बंडूला कानात सांगा. त्यालाही तेवढेच मिळेल.

आता तिची तोतया बहीण पाहा. हल्लीच्या कित्येक खेळांत 'लूट बॉक्स' नावाची पेटी असते. खरे पैसे मोजायचे, पेटी उघडायची, आणि आत काय निघेल ते नशिबावर! 'लूट' हा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून नेला. तो स्वतःची कबुली देतच परत आला आहे. शंभर पेट्या उघडल्या तरी एकशेएकावीत काय आहे, हे पोराला कळत नाही. विटेने मूल शहाणे होते. पेटीने फक्त हावरे होते.

कोणी म्हणेल, 'घ्याच, अशी सक्ती थोडीच आहे?' सक्ती मटक्याचीही नव्हती! २०१७ पासून चीनने पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करायला लावले. ठीक आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला टक्केवारीचा काय बोध होणार? २०१८ साली बेल्जियमच्या जुगार आयोगाने मात्र तीन नामांकित खेळांतल्या विकतच्या पेट्या सरळ जुगारात मोडतात, असा निर्वाळा दिला. याला म्हणतात रोखठोकपणा!

मी खेळांचा शत्रू नाही. पोरांना खुशाल खेळू द्या, विटा फोडू द्या. पण भाऊबीजेची ओवाळणी पेटीत जाणार असेल, तर वडीलधाऱ्यांनी आडवे आलेच पाहिजे. गुपित शोधण्याचा आनंद हा बालपणाचा हक्क आहे. तो विकायला मांडणाऱ्याला दुकानदार म्हणायचे, की जुगारअड्ड्याचा मालक?