दिव्याची आकृती आणि दिव्याचा प्रकाश

विसाव्या शतकाच्या मध्यकाळातील टांगत्या दिव्यांना लिलावांत आज जे मोल चढते ते पाहून, आणि त्याच आकृती अल्प दामात घरोघर पोहोचविणाऱ्या कारखानदारीवर रसिक मंडळी नकलेची जी फिर्याद ठेवतात ती ऐकून, उभय पक्षांना दिव्याच्या मूळ प्रयोजनाचे विस्मरण झाले आहे, असे मला वाटू लागले आहे.

ते प्रयोजन आयुष्यभर जपणारे डेन्मार्कचे दिव्यांचे रचनाकार पोल हेनिंग्सन यांचे बालपण रॉकेलच्या दिव्याच्या सौम्य प्रकाशात गेले होते. विजेच्या उघड्या गोळ्याचे तेज थेट डोळ्यांवर आदळू लागले तेव्हा तो त्रास निवारण्याची तजवीज करण्यात त्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे दिवे मांडले गेले, आणि पुढे एकाखाली एक अशा तीन छत्र्यांची जी रचना त्यांनी सिद्ध केली तिचा बाक गणितातील लॉगरिथमी सर्पिलावरून घेतलेला असल्यामुळे, मध्यभागीच्या गोळ्याचा किरण छत्रीच्या प्रत्येक बिंदूवर एकाच कोनातून पडतो, आणि खाली बसलेल्यास गोळा मात्र दिसत नाही. कारखानदार गोळ्यांचे आकार वारंवार बदलतात ही त्यांची जुनी तक्रार होती. म्हणून कोणताही गोळा लावला तरी डोळे दिपू नयेत असा 'पीएच ५' हा दिवा त्यांनी १९५८ साली घडविला. त्यातील पाच हा अंक मुख्य छत्रीच्या पन्नास सेंटिमीटर व्यासावरून आला आहे.

स्वस्ताईला मी या परंपरेचा द्रोह मानीत नाही. अमेरिकेचे रचनाकार जॉर्ज नेल्सन यांना रेशमाने मढविलेला एक स्वीडिश दिवा मनापासून आवडला होता. त्याची किंमत परवडेना, तेव्हा महायुद्धानंतर वापराबाहेर ठेवलेली जहाजे झाकण्यासाठी जाळीवर जे प्लॅस्टिक फवारीत असत त्याचे त्यांना स्मरण झाले, आणि तारेच्या सांगाड्यावर तेच फवारून त्यांनी आपले बुडबुड्यासारखे दिवे सिद्ध केले. आज संग्राहक ज्यांना दुर्मीळ ठेवा म्हणतात त्या दिव्यांचा जन्म असा खिशाच्या अडचणीतून झाला आहे, ही बाब मला फार मोलाची वाटते.

परंतु स्वस्त प्रतिकृतीत एखादी छत्री गाळली, किंवा वक्रता अंदाजाने बेतली, आणि आत एलईडीचे उघडे टिपके बसविले, की आकृती हुबेहूब राहूनही मूळची विद्या लोपते, आणि संध्याकाळी त्याखाली अभ्यासास बसलेले मूल डोळे चोळू लागते. सामान्य संसाराला ही फसगत सोसवत नाही, कारण दुसरा दिवा घेण्याची ऐपत त्याला पुन्हा लवकर येत नाही. २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे आयकिया या स्वीडिश गृहसामान कंपनीचे भव्य दालन उघडल्यापासून आपल्याकडेही मध्यम उत्पन्नाची कुटुंबे असे दिवे हौसेने न्याहाळू लागली आहेत. तेव्हा प्रत्येक विक्रेत्याने दिवे छताशी ओळीने न टांगता, निदान एक तरी दिवा जेवणाच्या मेजावर त्याच्या नित्याच्या उंचीवर पेटता ठेवावा, खाली खुर्ची मांडावी, आणि गिऱ्हाइकास दाम विचारण्यापूर्वी तेथे घटकाभर बसू द्यावे.