लोकरीखालचा कणा

अल्पाका विकत घेऊ पाहणाऱ्याला जाणती माणसे एक सल्ला हमखास देतात : जनावर नुसते डोळ्यांनी पाहू नका, हाताने पाहा. दाट लोकरीखाली खंगलेले जनावरही गुबगुबीत दिसते. पाठीवर हात ठेवून कणा चाचपावा, तेव्हा अंगावर मांस किती आहे ते कळते. सल्ला पशुवैद्यकाचा खरा; पण अल्पाकांच्या बाजाराचा अलीकडचा इतिहासही त्यात सामावलेला आहे, असे मला वाटते.

१९८४ मध्ये अमेरिकेत अल्पाकांची व्यापारी आयात सुरू झाली. १९९८ च्या अखेरीस तिथल्या वंशनोंदणीची दारे परदेशी जनावरांना बंद झाली. कारणे काहीही सांगितली गेली असोत, परिणाम टंचाईचा झाला. त्यातून मादी सुमारे साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. म्हणजे टंचाईला निसर्गाचीही साथ मिळाली. २००५ च्या सुमारास चांगल्या वंशाच्या मादीला वीस हजार डॉलरांहून अधिक किंमत येत असे. एका जनावराची वर्षाची लोकर मात्र भरते दोन-तीन किलो. या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही, हे सांगायला खरे तर अर्थशास्त्रज्ञ लागू नये. तरी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील सैटोन आणि सेक्स्टन या अभ्यासकांना २००७ मध्ये शोधनिबंध लिहून ते सांगावे लागले. लोकर विकून ही किंमत वसूल होणारी नव्हती. ती वसूल व्हायची ती पुढच्या नवख्याला पिल्लू विकूनच. २००८ च्या मंदीनंतर पुढचा नवखा येईनासा झाला आणि हजारोंची जनावरे शेकड्यांत, कित्येकदा फुकटही, देऊन टाकावी लागली.

आपण याला परक्यांचा मूर्खपणा म्हणून हसू नये. २०१२ मध्ये तमिळनाडूच्या इरोड भागात इमूपालनाच्या योजना कोसळल्या, २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या. पक्षी निराळे, गणित तेच : खाणारा गिऱ्हाईक कुठेच नाही, सगळे पिल्ले विकणारे.

पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारांवर, चार हजार मीटर उंचीवर, क्वेचुआ व आयमारा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या हेच जनावर राखत आले आहेत. तिथल्या अनेक गावांत मुलाचे जावळ काढतात तेव्हा आप्तेष्ट त्याला जनावर भेट देतात. मूल वाढते तशी त्याच्या जनावराची प्रजाही वाढते. तिथे अल्पाका म्हणजे लोकर, मांस, खत, आणि जळणाला शेण. किंमत पडली तर तिथेही हाल होतात. पण उद्या गिऱ्हाईक आले नाही म्हणून जनावर निरुपयोगी ठरत नाही.

म्हणून पहिल्यांदा अल्पाका घेणाऱ्याने मादी घेऊच नये, असे माझे मत आहे. त्याने खच्ची केलेले दोन-तीन नर घ्यावेत. एकटे जनावर घेऊ नये, कारण कळपावाचून ते झुरते. या नरांपासून पिल्ले होणार नाहीत, वंशावळीच्या कागदाला मोल राहणार नाही. उरेल ती वर्षातून एकदा कातरायची लोकर, ठरलेल्या एकाच जागी पडणारे लेंडीखत आणि सकाळ-संध्याकाळची राखण. विकणाऱ्याला एवढेच विचारावे : गेल्या वर्षीची लोकर कुठे गेली? ती पोत्यांत भरून माळ्यावर पडली असेल, तर बाकीचे बोलणे ऐकण्याची गरज नाही.

हा सल्ला व्यापाराला मारक आहे, असे कोणी म्हणेल. पण विक्रीयोग्य पिल्लाची आशा काढून घेतल्यावरही ज्याला अल्पाका हवाच असतो, त्यालाच खरे तर अल्पाका हवा असतो. इतरांना हवी असते ती किंमत. हे जनावर पंधरा-वीस वर्षे जगते. भाव इतकी वर्षे टिकत नाही, आणि भाव गेल्यावरही त्याला रोज चारा लागतोच.