विशेषणाचा अर्थ कोणी सांगावा?

रायगड जिल्ह्यातील आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला राजपुरी खाडीच्या पैलतीरावर दिघी दिसते. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ ‘औद्योगिक स्मार्ट शहरे’ वसविण्यास मान्यता दिली. त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. त्यानंतर अवघ्या ३६ दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु पहिल्या निर्णयातील विशेषणासाठी दुसऱ्या निर्णयाने गौरविलेल्या भाषेत शब्द शोधण्याची गरज कोणालाही वाटू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

‘स्मार्ट’ हा शब्द इंग्रजांच्या घरी अनेक रूपे पालटून आला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वेदनादायी, झोंबणारा. वेदना या अर्थाचा जर्मन भाषेतील ‘श्मेर्त्स’ हा त्याचाच भाऊबंद. झोंबणारा म्हणून तीव्र, तीव्र म्हणून चपळ, चपळ म्हणून बुद्धिमान, पुढे आगाऊ आणि टापटिपीचा, असा त्याचा अर्थ सरकत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले लक्ष्य अचूक गाठणाऱ्या बॉम्बला तो चिकटला आणि नंतर दूरध्वनीला, वीजमीटरला व शहराला.

मराठीत या प्रत्येक छटेला स्वतंत्र शब्द आहे. चुणचुणीत, तल्लख, चतुर, चलाख, टापटिपीचा, आगाऊ हे शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. ‘मुलगा स्मार्ट आहे’ असे म्हटले की तो हुशार आहे, देखणा आहे की केवळ कपडे नीट घालतो, हे मात्र कळत नाही. घरगुती बोलण्यात ही संदिग्धता खपून जाते. राज्यकारभारात ती महागात पडते.

२०१५ साली १०० शहरांसाठी स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले, ते मार्च २०२५मध्ये संपले. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही, असे त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच प्रांजळपणे नमूद होते. मग शहर ‘स्मार्ट’ झाले की नाही, हे नागरिकाने कशावरून ठरवावे? ‘चोवीस तास पाणी’ असे आश्वासन दिले, तर ते पाळले गेले की नाही हे निरक्षर गृहिणीही सांगू शकते. शब्द स्पष्ट असला की उत्तरदायित्वही स्पष्ट होते.

शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे. ‘आगर’ हाच शब्द पाहावा. तो मिठाचा असतो, नारळी-पोफळीचा असतो आणि गुणांचाही असतो. पण कोठे कोणता अर्थ घ्यायचा, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, कारण तो त्यांच्या श्रमातून घडला आहे. ‘स्मार्ट’चा अर्थ मात्र लोकांना दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागतो.

मुरूडजवळच्या समुद्रात पद्मदुर्ग उभारून सिद्दीला शह देणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांनी कारभारातील फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही सिद्ध करविला. दुर्ग आणि कोश ही दोन्ही त्यांना स्वराज्याचीच कामे वाटली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ आज इतका रुळला आहे की तो कधी नवा होता हे कोणाला आठवतही नाही. तेव्हा पर्यायी शब्द रुळत नाहीत, ही सबब टिकणारी नाही.

खाडीकाठी उद्योग यावेत, तरुणांना गावातच काम मिळावे, याविषयी दुमत नाही. मात्र येणारे शहर कोळ्याच्या होडीला, बागायतदाराच्या आगराला आणि पिण्याच्या पाण्याला काय देणार, हे त्यांच्या भाषेत आधी सांगितले गेले पाहिजे. अन्यथा त्या विशेषणाचा सर्वांत जुना अर्थच, वेदना, त्यांच्या वाट्याला येण्याचा धोका आहे. अभिजात दर्जाचा खरा सन्मान सोहळ्यांनी होणार नाही. शासनाचा कागद सामान्य माणसाला वाचताक्षणी उमजेल, त्या दिवशी तो होईल.