गाण्याचें सोंवळें

आवडतें गाणें चालू घटनेशीं जोडलें कीं बाटतें, असें कित्येक सुशिक्षित गृहस्थांचें मत आहे. आम्हांस तें मुळींच मान्य नाहीं. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गांवावर राहिली’ या छक्कडींत पत्नीचा विरह आहे. तोच पुढें संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा विरह होतो. म्हणून तिची गोडी उणावली काय? हेमा रायरकर व गी पॉइतवाँ यांनीं जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठलाशेजारीं बाबासाहेब आंबेडकरही आहेत. दळणाऱ्या बायांनीं असलें सोंवळें कधींच पाळलें नाहीं.

पवनानगरच्या धरणाचें पाणी बंद जलवाहिनीनें पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें आंदोलन झालें. पोलिसांच्या गोळीबारांत तीन जीव गेले. पवनाकांठीं पाण्याची ओवी ऐकून ज्यास तो दिवस आठवत नाहीं, त्याच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका वाटते. ओढूनताणून केलेली जोड फसते, हें खरें. परंतु तो दोष जोडणाराचा, गाण्याचा नव्हे. घरोघरीं आवडतीं गाणीं ऐकवितांना तीं आजच कां आठवलीं, हेंही मोकळेपणानें सांगण्याचा प्रघात पडावा, एवढेंच आमचें मागणें.