संगणकांची सावड

दोघांकडे एकेक बैल असला, की सावड करून दोघांचीही वावरं वखरून होतात. धारणीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ग्रिड कॉम्प्युटिंग म्हणजे तेच! मोठं गणित तुकड्यांत वाटायचं आणि रिकाम्या बसलेल्या संगणकांकडून करून घ्यायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून ‘कॉन्डॉर’ हेच करत आलंय. मालकानं कीबोर्डला हात लावला, की ते मुकाट बाजूला होतं.

आपल्याकडे सी-डॅकचं ‘गरुड’ सुरू झालं... १७ शहरं, ४५ संस्था. छानच. (सी-डॅक उभं करणारे विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, हे जाता जाता.) पण बड्या संस्था जोडणं सोपं हो! सावडीची गरज असते ती एका बैलवाल्याला. तालुक्याच्या कॉलेजातले संगणक रात्रभर चालवायचे तर बिल विद्यापीठानं भरावं, आणि धारणीच्या पोरालाही आपलं गणित अमरावतीच्या यंत्रांवर टाकता यावं. एकतर्फी घेतलं तर ती वेठ झाली.

आणि वीज गेली तर? झालेलं काम अधूनमधून साठवत राहिलं, की वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू.